आठ एमएमचं ठिगळ

लोखंडाला गंज लागतो ही गोष्ट आमच्या समोरच्या क्वार्टरमधल्या काकाजींनी जन्मात कधी मान्य केली नाही. पांढरे केस, रोजची शुगरची गोळी, एकुलत्या एका मुलाचं पुण्याला जाऊन तिकडचंच होऊन बसणं, हे सगळं त्यांनी कुरकुरत का होईना, स्वीकारलं. पण गंजाचं नाव काढलं की ते असे बघत, जणू कुणी त्यांच्या घराण्यावर बोट ठेवलंय. "लोखंड कदी खराब नसते, मास्तरीण," ते मला सांगत, "त्याले सांभाळनारा खराब असते." मी दुर्गच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. हवा, पाणी, ऑक्साइड असं काहीतरी मी सुरू केलं की ते तळहात वर करून मला थांबवत आणि म्हणत, "ते पोराईले शिकव. परीक्षेत येते." आता काकाजी आणि काकू मुलाकडे राहायला गेलेत. समोर नवे लोक आलेत, चांगले आहेत, पण भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या आमच्या त्या गल्लीत सकाळी आठला हातोडीचा पहिला ठोका पडत नाही आणि माझी शाळेची बस हल्ली दोनदा चुकली.

काकाजी भिलाईच्या पोलाद कारखान्यात, प्लेट मिलमध्ये होते. चौतीस वर्षं त्यांनी तापून लाल झालेल्या प्लेटा रोलरखालून सरकताना पाहिल्या, आणि त्यातली शेवटची बरीच वर्षं नुसत्या तपासल्या: जाडी बरोबर आहे का, कुठे चीर आहे का, कड सरळ आहे का. रिटायर झाल्यावर लोक प्लांट विसरायला बघतात, यांनी तपासणी घरी आणली. धातूची कुठलीही वस्तू हाती आली की ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून ते डोळे बारीक करत आणि निकाल देत. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात आहेरात आलेला स्टीलचा मोठा डबा त्यांनी मांडवातच चिमटीत धरला आणि देणाऱ्याच्या देखत म्हणाले, "हा डबा नाई बाप्पा, पापड हाय." शर्टाच्या खिशात फुटक्या स्पीकरमधून काढलेला लोहचुंबक कायम असे. गाडीच्या रंगाखाली खरा पत्रा आहे की खड्डा बुजवून वर पुट्टी फासली आहे हे तो चुंबक सांगायचा. पत्र्याला चिकटे, पुट्टीवरून घसरे. पुट्टीचा त्यांना मनस्वी तिटकारा. "पुट्टी म्हंजे सफेद झूट," ते म्हणत. कुणी जुनी गाडी घेतली की पेढ्यांच्या आधी काकाजींना बोलावणं जाई. बोलावणं नसलं तरी ते थांबत नसत, हीच खरी अडचण होती. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत एका लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. नवरदेवाची फुलांनी मढवलेली गाडी आली, लोक नवरदेवाकडे बघत होते आणि काकाजी चुंबक घेऊन गाडीभोवती प्रदक्षिणा घालत होते. "डाव्या दारात किलोभर पुट्टी हाय," त्यांनी नवरीच्या मामांना गंभीर चेहऱ्याने सांगितलं. मामा बिचारे घाबरले, त्यांनी आणखी दोघांच्या कानावर घातलं, आणि पंगत उठेपर्यंत मुलाकडच्यांनी काहीतरी लपवलंय अशी कुजबुज साऱ्या मांडवभर झाली. काकू त्या दिवशी घरी येईपर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे एक जुनी पांढरी व्हॅन. कागदावर ती आठ जणांची होती. आम्ही तीत बारा जण बसायचो. दरवर्षी दसऱ्याला ती नागपूरला दीक्षाभूमीवर जायची आणि गल्लीतली निम्मी घरं तिच्यात असायची. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, पोळ्यांचे डबे, मागच्या बाजूला आम्ही पोरं एकमेकांच्या मांड्यांवर, आणि राजनांदगाव येईपर्यंत घोषणा देऊन देऊन सगळ्यांचे घसे बसलेले. माझे बाबा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून रस्ताभर काकाजींना गाडी कशी चालवावी हे सांगत. बाबांना स्वतःला सायकलपलीकडे काही चालवता येत नव्हतं. पुढे एकेक जण रिटायर झाला, कुणी वर्ध्याकडे घर बांधलं, कुणी मुलांच्या मागे हैदराबादला गेलं, माझे बाबाही गेले. दरवर्षी व्हॅनमध्ये थोडी थोडी ऐसपैस जागा होत गेली, आणि ती जागा मला अजिबात आवडायची नाही. कोपर खुपल्याशिवाय तो प्रवास प्रवास वाटायचा नाही.

त्या वाटेवर काकूंचा एक थांबा ठरलेला होता. देवरी मागे पडली की साकोलीच्या अलीकडे डाव्या हाताला एक फाटा लागतो; तिथून आत दोन कोसांवर काकूंच्या थोरल्या बहिणीचं गाव. ताई विधवा. चार शेळ्या, तुकडाभर धानाचं शेत, आणि दोन्ही दुसऱ्याच्या भरवशावर सोडायची तयारी नाही, म्हणून त्या कधी भिलाईला आल्या नाहीत. काकूंचे गुडघे असे, की बसची पायरी चढवत नसे. तेव्हा या दोघी बहिणी वर्षातून एकदा, त्या फाट्यावर, अर्धा तास भेटत. ताई सकाळपासून तिथल्या पळसाखाली उभ्या असायच्या. व्हॅन थांबली की दोघी उघड्या दारात बसून, हात हातात घेऊन, वर्षभराचं सगळं भराभर बोलून घेत. काकाजी तेवढा वेळ चाकांना लाथा मारून हवा तपासल्याचं नाटक करत. त्यांचा अर्धा तास म्हणजे घड्याळाचा अर्धा तास. तो संपला की हॉर्न. "अजी, पाच मिंटं," काकू म्हणत. ती पाच मिनिटं मात्र काकाजी कधी मोजत नसत.

तीन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला परत येताना काकूंनी ऐसपैस पाय लांब केले आणि ओरडल्या, "अजी, माही चप्पल पडली!"

"पडली तं उचल. खालीच असंन."

"गाडीत नाई, रोडवर पडली!"

"खिडकीतून पाय काढला होता काय?"

काकूंनी रबरी मॅट उचलली. तिच्याखाली ताटलीएवढं भोक होतं आणि भोकातून डांबरी रस्ता पळत होता. काकाजींनी गाडी कडेला घेतली, मागे चालत जाऊन चप्पल आणली, मग रस्त्यावर आडवे पडून गाडीच्या पोटाखाली बघत राहिले. उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. भिलाईपर्यंत ते एवढंच म्हणाले, "माह्या गाडीले? माह्या?"

दुसऱ्या दिवशी व्हॅनवर लाल पाटी लागली: शटडाऊन. प्लांटमध्ये एखाद्या मशीनवर काम सुरू करायचं तर आधी ते बंद करून अशी पाटी अडकवतात, आणि ज्याने अडकवली त्याच्याशिवाय कुणी तिला हात लावत नाही. नियम चांगला आहे, माणसांचे जीव वाचतात. पण काकूंची छत्री गाडीत राहिली होती. त्या दार उघडायला गेल्या तर काकाजींनी त्यांना पाटी दाखवली आणि परमिट मागितलं. "माह्या छत्रीले परमिट?" "काम चालू हाय. सेफ्टी पह्यले." शेवटी काकूंनी माझ्या वहीचा कागद फाडून त्यावर 'छत्री काढणे, एक नग' असं लिहून आणलं, काकाजींनी चष्मा लावून तो वाचला, सही केली आणि स्वतः छत्री काढून दिली. कामाची वेळ आठ ते पाच, मध्ये एक तास जेवण. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात सेफ्टी शूज, शेजारी वाळूच्या दोन बादल्या, पेट्रोलची टाकी सोडवून न्हाणीघराच्या मागे. पाच वाजले की ते व्हॅनसमोर ताठ उभे राहून, कुठवर काम झालं आणि काय राहिलं, हे मोठ्याने सांगत. हे येणाऱ्या शिफ्टसाठी. येणारी शिफ्ट म्हणजे उद्या सकाळचे तेच. आणि सकाळी आले की आदल्या दिवशीच्या माणसाच्या नावाने खडे फोडत. "कड साफ न करताच पळाला! असे लोक भरती कोन करते?" मी दारातून विचारायची, "कोण पळाला, काकाजी?" "कालचा," ते म्हणत, आणि त्यांचा राग अगदी खरा असे.

खरं तर भोक एकच होतं. पण तपासणी करणाऱ्या माणसाला एका भोकावर समाधान कसं मिळणार? ते पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घेऊन गाडीच्या अंगाला सगळीकडून टोचत फिरायचे. टक् वाजलं तर पत्रा शाबूत. भस्सकन आत गेलं तर खडूने गोल काढायचा आणि नंबर टाकायचा. दाराखालची पट्टी, चाकावरची कमान, मागच्या दिव्याखालचा कोपरा. रंग वरून कसा नवाकोरा दिसत होता, आणि आत नुसता तपकिरी भुगा. दिवाळीपर्यंत गोल अकरा झाले, थंडी संपता संपता तेवीस. काकू अंगणात डाळ निवडत बसायच्या आणि पेचकस भस्सकन गेला की न बघता म्हणायच्या, "घ्या, अजून एक काढा." मला वाटतं तेव्हा त्यांना गंमत वाटत होती. दसऱ्याला अजून पुष्कळ महिने होते.

आता भोकांना ठिगळं लावायची. व्हॅनचा पत्रा असतो जेमतेम एक एमएमचा. ठिगळही तेवढ्याच जाडीचं हवं, हे डेंटिंगचं काम करणारा कुणीही सांगेल. जवळच्या उतई गावचा एक डेंटर सायकलवरून जाताना उभा राहिलाही होता आणि त्याने आपल्या छत्तीसगढीत सांगितलंही, "बबा, चद्दर पातर हे. अतेक मोट लोहा ला नइ सहय." पत्रा पातळ आहे, एवढं जाड लोखंड त्याला सोसणार नाही. कारण काकाजींनी सुपेल्याच्या भंगारवाल्याकडून आणून ठेवली होती प्लेट, आठ एमएमची. जहाजाला, पुलाला लागते तसली. त्यांनी त्या डेंटरकडे अशा नजरेने पाहिलं, की तो तडक सायकलवर बसला. "चद्दर लावतो म्हने," ते मला म्हणाले, "मी जिंदगीभर प्लेट बनवली अन् माह्या बायकोच्या पायाखाली कागद लावू?" खरं सांगायचं तर मला ते बोलणं आवडलंच होतं.

भाड्याने वेल्डिंगचा सेट आणला. जाड प्लेट तापायला जेवढी आच लागते तेवढ्या आचेत भोवतालचा पातळ पत्रा वितळून थेंब थेंब खाली पडू लागला. बशीएवढं भोक ताटाएवढं झालं, ताटाएवढं परातीएवढं. काकाजींनी मग प्लेटही मोठी कापली. शेवटी वेल्डिंगचा नाद सोडून त्यांनी प्लेटा नटबोल्टने आवळल्या. तळाला एक, दाराखाली एक, दाराच्या आत एक. डावं दार इतकं जड झालं की उघडलं की लोंबायचं, आणि लावायचं तर एकाने खालून उचलावं लागे. अख्खी व्हॅन डावीकडे कलली. कुणीतरी अदृश्य लठ्ठ माणूस कायमचा तिथे बसलाय असं वाटे. काकाजी मात्र प्लेटेवर बूट आपटून म्हणायचे, "आता हत्ती उभा करा." या सगळ्यात उन्हाळा गेला, पाऊस गेला. काकू अधूनमधून म्हणत, "अजी, दसऱ्याले होईन ना?" "त्याच्या आत होते."

दसऱ्याच्या आठ दिवस आधी ट्रायल निघाली. आम्ही गल्लीतले उरलेसुरले लोक बघायला उभे होतो. काकाजींनी हेल्मेट घालूनच गाडी चालवली, वळण घेतलं, आणि पहिल्याच स्पीडब्रेकरवर धडाम् झालं. तळाची प्लेट सगळ्या बोल्टांसकट, आणि बोल्टांभोवतीचा उरलासुरला पत्रा घेऊन, रस्त्यावर आली आणि घणघणत राहिली. काकाजी उतरले, प्लेटेपाशी बसले, तिच्यावरून हात फिरवून उभे राहिले आणि आम्हाला म्हणाले, "पाहा. प्लेटेले खरोच नाई." आम्ही इतके हसलो की आईला दाराला धरून बसावं लागलं. काकू तेवढ्या हसल्या नाहीत. त्या व्हॅनच्या तळाकडे बघत होत्या, जिथे आता सीटसुद्धा ठेवता आली नसती.

त्या वर्षी आम्ही बाकीचे रेल्वेने गेलो. दसऱ्याच्या त्या गर्दीत काकूंना नेणं शक्यच नव्हतं. "एक गाडी भाड्यानं करू, अजी," त्या म्हणाल्या, "मले नागपूर नको, फाट्यावर तं नेऊन आना." काकाजी दुखावले. "घरी गाडी असून भाड्याची? लोक काय म्हनतीन? महिनाभर थांब, आपल्या गाडीत जाऊ." काकू थांबल्या. त्यांनी ताईंना फोन करून यंदा येत नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळी ताईंच्या नातवाचा फोन आला, की आजी सकाळपासून फाट्यावर जाऊन उभी होती, आताच घरी आणली. काकूंनी फोन ताईंना द्यायला लावला. "तुले सांगतलं होतं ना ताई, नाई येत म्हनून?" पलीकडून ताई म्हणाल्या, "सांगतलं होतं. पन मले वाटलं, येशीन." हे काकूंनी मला सांगितलं तेव्हा त्या हसत होत्या. मी त्या हसण्याला फसले.

महिनाभराचे पाच महिने झाले. काकाजींनी आता सहा एमएमची प्लेट आणली होती आणि आपण किती माघार घेतली याचं त्यांना फार कौतुक होतं. चैत्रातल्या एका सकाळी, हातोडीचे ठोके चालू असताना, ताई गेल्याचा फोन आला. दोन दिवस ताप, आणि संपलं. ज्या भाड्याच्या गाडीचं नाव काढू देत नव्हते, ती काकाजींनी दहा मिनिटांत बोलावली. काकूंना आधार द्यायला मीही गेले. त्या तीन तासांत काकाजींनी गाडीच्या दाराला हातही लावला नाही, कशाची जाडी पाहिली नाही. समोर बघत बसले. आम्ही पोचलो तेव्हा ताईंना नेण्याची तयारी झाली होती. काकूंना चेहरा तेवढा दिसला.

परत आल्यावर काकूंनी त्यांना एका शब्दाने बोल लावला नाही. चहा दिला, जेवायला वाढलं, गोळीची आठवण केली. बोल लावला असता तर काकाजींना बरं झालं असतं असं मला वाटतं. त्यांनी व्हॅनवरची लाल पाटी काढली, वर ताडपत्री घातली आणि हेल्मेट खिळ्याला टांगलं. आठ वाजायचे आणि ते पायरीवर नुसते बसून राहायचे. एकदा शाळेतून येताना मी त्यांच्याजवळ बसले. ताडपत्रीकडे बघत ते म्हणाले, "मास्तरीण, मले गाडी नव्हती बनवाची. मले माहं खरं कराचं होतं. तिले तं फक्त फाट्यावर जाचं होतं." त्यांचे डोळे भरले होते. "नाही हो काकाजी," असं काहीतरी मी म्हटलं. पण ते खरंच बोलत होते आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

ताडपत्री काकूंनीच काढली. पावसाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी त्या दांडीवर कपडे वाळत घालत होत्या; मध्येच त्यांनी ताडपत्रीचं टोक धरून ओढलं आणि म्हणाल्या, "अजी, हे गाडी पुरी करा."

"कोनासाठी करू आता?"

"माह्यासाठी. मले दसऱ्याले फाट्यावर जाचं हाय."

"तिथं कोन हाय आता?"

"मले जाचं हाय," काकू म्हणाल्या आणि राहिलेले कपडे वाळत घालू लागल्या.

काकाजी त्याच दिवशी उतईला गेले. त्या डेंटरला शोधून त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी तो सायकलला पत्रा बांधून आला, आणि पुढचे दोन महिने काकाजींनी त्याच्या हाताखाली काम केलं. हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता. डेंटर म्हणायचा, "बबा, कैंची," आणि काकाजी पत्र्याची कात्री द्यायचे. त्याने गंजलेला भाग चकचकीत पत्रा लागेपर्यंत मागे कापत नेला, कागदावर माप घेऊन नवा पत्रा कातरला, हातोडीने वळवून बसवला. मग वेल्डिंगचा एक टाका इथे, एक टाका पार तिकडे, मध्ये गार होऊ द्यायचं, घाई नाही. काकाजी प्रत्येक टाक्याला वाकून बघत आणि मान डोलावत. सगळं झाल्यावर वर पुट्टीचा हात आला. मी मुद्दाम दारात उभी राहिले. डेंटरने डबा उघडला, काकाजींनी दोन मिनिटं आकाशाकडे पाहिलं, मग खाली बसून स्वतःच पुट्टी कालवायला घेतली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "लागते. थोडीशी लागते."

दसऱ्याला आम्ही निघालो ते तिघंच. आईचे पाय आता चालत नाहीत. त्या व्हॅनची आमच्याबरोबरची ही शेवटची फेरी. पुढे पुण्याला राहायला जाताना काकाजींनी व्हॅन डेंटरलाच देऊन टाकली. त्या दिवशी मात्र ती सुरेख चालत होती. डावं दार एका बोटाने लागत होतं. काकू पांढरी साडी नेसून पुढे बसल्या होत्या, मी मागे एकटी, आणि माझ्या दोन्ही बाजूंना एवढी जागा होती की वळणावर मी या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरायची. मागून बाबांनी म्हणावं, अहो जरा हळू घ्या, असं मला फार वाटलं. देवरी गेली आणि काकूंनी पदर सारखा केला.

फाट्यावर काकाजींनी गाडी लावली. पळसाखाली कुणी नव्हतं. काकू उतरल्या, हळूहळू चालत झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि आम्ही आलो त्या रस्त्याकडे बघू लागल्या. मला वाटलं, आता रडतील. मी पाण्याची बाटली घेऊन शेजारी गेले.

"ताई इथंच उभी राहे ना, अजी?"

"इथंच," काकाजी म्हणाले.

"मंग तुमी गाडी घेऊन मांगं जा. अन् परत या."

"कावून?"

"मले पाह्याचं हाय, तिले आपली गाडी कुठून दिसे ते."

एरवी या माणसाने पेट्रोलपासून दुभाजकापर्यंत दहा हरकती काढल्या असत्या. या वेळी ते सरळ गाडीत बसले आणि निघाले. रस्ता आता चौपदरी झालाय. त्यांना दुभाजकातल्या पुढच्या फटीपर्यंत जाऊन वळायचं होतं, पलीकडच्या अंगाने बरंच मागे जायचं होतं आणि तिथून पुन्हा वळायचं होतं. थोड्या वेळाने व्हॅन पलीकडून दुर्गच्या दिशेने जाताना दिसली. "काकू, ती बघा," मी म्हटलं. काकूंनी तिकडे पाहिलं नाही. "ते जाऊन राहिली. मले येनारी पाह्याची हाय."

आम्ही उभ्या राहिलो. ट्रक जात होते. निळे झेंडे लावलेल्या गाड्या नागपूरकडे जात होत्या, त्यांतले लोक आम्हाला पाहून जय भीम ओरडत, काकू प्रत्येकाला हात जोडत आणि लगेच पुन्हा मान वळवत. प्रत्येक पांढरी गाडी आमचीच वाटत होती. "हे काय?" "नाही काकू." "हे?" "नाही." ऊन चढलं होतं. त्या एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होत्या. मी मैलाच्या दगडावर रुमाल टाकला आणि म्हटलं, बसा थोडं. "ताई बसत नव्हती," त्या म्हणाल्या.

मग लांब, जिथे रस्ता चढावरून उतरू लागतो तिथे, एक पांढरा ठिपका दिसला. मला काहीच कळलं नसतं. काकूंनी माझं मनगट धरलं. "पाह्य. येऊन राहिली." ठिपका झाडीमागे गेला, पुन्हा निघाला, एका ट्रकमागे दडला, पुन्हा निघाला. काकाजी रोजच्यापेक्षाही हळू चालवत होते. फार वेळ लागला त्यांना आमच्यापर्यंत यायला. काकू डोळ्यांवर हात धरून बघत होत्या आणि माझ्याशी का स्वतःशी बोलत होत्या. "आपल्याले ताई पार जवळ आल्यावर दिसे. मी म्हनो, ते पाहा, ताई उभी हाय. अन् तिले आपन केवढ्या लांबून दिसत होतो. केवढा वेळ दिसत होतो."

गाडी थांबली. काकाजी उतरले. चाकांकडे गेले नाहीत, घड्याळ पाहिलं नाही. काकूंसमोर येऊन उभे राहिले.

"दिसली?"

"दिसली. लय लांबून दिसली."

काकाजींनी वळून आलेल्या रस्त्याकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "आनखी एकदा येऊ?"

काकूंनी होकाराची मान डोलावली. ते पुन्हा गाडीत बसले आणि निघाले, आणि आम्ही दोघी पुन्हा रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिलो.